टॉवेलचं पुस्तक

अंगणवाडीच्या मुलाणीबाईंनी दिलेलं
जाड पुठ्ठ्याचं पुस्तक
हारिकाने चार दिवसांत खाल्लं.
आधी हत्तीचा कान गेला,
मग बदक, बदकाखालचं पाणी,
शेवटी किंमत छापलेला कोपरा.

मी तोंड पाडून परत द्यायला गेले.
बाई म्हणाल्या, "खाऊ दे की.
नऊ महिन्यांचं लेकरू
तोंडानंच वाचतं."

अंबादास रात्रपाळीहून येताना
सेकंडचे तुकडे आणतो,
कडेला धागा सुटला म्हणून
मालकाने बाजूला टाकलेले.
त्यातलेच सहा कापले,
मधोमध टाके घातले.
गाय माझ्या जुन्या परकराची,
चंद्र लग्नातल्या साडीच्या काठाचा,
मांजराला मिशा
विडीच्या दोऱ्याच्या.
हत्ती जमला नाही.
त्याला आम्ही डोंगर म्हणतो.

विडी घरकुलात आमची खोली दहा बाय दहा.
माझं सूप दाराबाहेर,
वारा रस्त्याकडे पळतो त्या अंगाला.
ती उंबऱ्याच्या आत, पुस्तक तिच्यापुढे.
तंबाखूचे हात मी पुस्तकाला लावत नाही,
म्हणून पान उलटायचं काम तिचं.
एकदम तीन उलटते,
मागे जाते,
गाईवर गाल टेकून बसते.

मी पान दुमडता दुमडता म्हणते, आवु.
मुलाणीबाई येता-जाता म्हणतात, गाय.
समोरच्या गौराक्का म्हणतात, आकळू.
हारिका तिघींची तोंडं बघते
आणि म्हणते, बू.
गाईला विचारलं तर
तीही बहुतेक हेच सांगेल.

मी तेलुगू शाळेत सातवीपर्यंत.
मराठी वाचते, पण बोट ठेवून,
दुकानाच्या पाट्या, रेशनची यादी.
या पुस्तकात एकही अक्षर नाही,
म्हणून मला अडखळायला होत नाही.
रोज नवीनच वाचते.
कालची गाय बाजारला गेली होती.
आजची रुसून डोंगरामागे बसली.

एकदा पुस्तक घसरत घसरत
माझ्या पायाशी आलं.
सुपात हजाराची भरती अर्धीच झालेली,
उठायला सवड नव्हती.
अंगठ्याने हळूच आत सारलं
आणि जीभ चावली.
पुस्तकाला पाय!
घाईत हात कपाळाला नेला,
तंबाखू नाकात गेली
आणि अशी शिंक आली
की गौराक्काची कोंबडी उडाली.

हारिका हसली.
आधी दचकली, मग हसली,
पोट धरता येत नाही त्या वयात
पोट हलवून हसली.
समोर पान उघडं होतं चंद्राचं.

त्या दिवसापासून
चंद्राचं पान आलं की ती थांबते.
माझ्याकडे बघते.
मी मांजर म्हटलं तर मान फिरवते,
चांदोबा म्हटलं तर पुस्तक आपटते.
मग सूप बाजूला ठेवून
खोटी खोटी शिंकते.
त्या पानावर तेच लिहिलंय,
तिच्या मते.

संध्याकाळी चेकरने विड्या मोजल्या,
"चाळीस कमी. आजारी होतीस का?"
मी म्हटलं, वाचत बसले होते.
त्याने वर बघितलं
आणि आकडा मांडला.

लाळ, वरणभात, शेंगाचटणीचं एक बोट.
आठवड्यातून दोनदा पुस्तक धुते.
आमच्या सोलापुरी उन्हात
अर्ध्या तासात कडकडीत होतं.
पण अर्धा तास म्हणजे
तिच्या लेखी जन्मठेपच.
दोरीखाली बसून राहते,
टपटपणारं पाणी डोक्यावर घेत.

आज वाऱ्याने पान उलटलं.
वर, चिमट्यांच्या मधे,
साडीच्या काठाचा चंद्र ओला चमकला.
मी आत पीठ मळत होते.
तिने कुणाकडेच बघितलं नाही.
मान वर केली, नाक आक्रसलं,
आणि एकटीच,
स्पष्ट,
आक्छी.